धष्टपुष्ट पूल

"पूल धष्टपुष्ट आहे!" शंकासुराने मोठ्यांदा वाचलं आणि तो पोट धरून हसायला लागला. "अरे, हा पूल आहे की पहिलवान?"

"दात काढू नकोस, लिहून घे!" तुरतुरी म्हणाली. "चौथा शब्द मिळाला."

सुट्टीत अभ्यास देणाऱ्या बाईंना काय म्हणावं? 'मजबूत' आणि 'महत्त्वाचा' या दोन शब्दांना दहा-दहा समानार्थी शब्द आणायचे होते. तेही पुस्तकातून नाही, लोकांच्या तोंडून किंवा पाट्यांवरून! म्हणून ही तिघं भर उन्हात वह्या घेऊन हिंडत होती. तुरतुरीला चालणं माहीतच नव्हतं, ती पळायची. शंकासुराला सकाळी उठल्यापासून शंका यायच्या. आणि ढब्बू? "काही उपयोग नाही," एवढं तो दिवसातून वीसदा म्हणायचा. वाईट याचंच वाटतं, की बहुतेक वेळा त्याचंच खरं व्हायचं.

नदीवरचा हा झुलता पूल म्हणजे दोन लोखंडी दोरांवर टांगलेल्या फळ्या. तोंडाशी एक फळा होता. दर पहिल्या तारखेला तिथे तपासनीस साहेबांची पूल तपासल्याची चिठ्ठी लागायची. पाच महिन्यांच्या पाच चिठ्ठ्या ओळीने होत्या : पूल मजबूत आहे, भक्कम आहे, बळकट आहे, दणकट आहे, धष्टपुष्ट आहे.

लिहिता लिहिता तुरतुरी कठड्याच्या खांबाला टेकली. हाताला काहीतरी गार लागलं. तिने सहज फिरवलं तर अख्खा नट निघून तिच्या तळहातावर आला! तिने वाकून खाली पाहिलं. दोराच्या तारा तुटून पिंजारल्या होत्या आणि उरलेल्या गंजाने लाल झाल्या होत्या.

तुरतुरीने नट मुठीत घट्ट धरला. पलीकडच्या काचेच्या कारखान्यात तिची आई कामाला होती. सकाळी पावणेआठला चाळीस बायकांची पाळी याच पुलावरून जायची, त्यात आई असायची.

"मग हे धष्टपुष्ट कुणी ठरवलं?" शंकासुराने विचारलं. या वेळी तो हसत नव्हता.

उत्तर दुसऱ्या दिवशी ढब्बूला सापडलं, तेही कामचुकारपणा करताना. बाईंनी पुस्तकातून घेऊ नका म्हटलं होतं, म्हणून हा पठ्ठ्या नेमका वाचनालयात जाऊन समानार्थी शब्दांचं पुस्तक उघडून बसला होता. धापा टाकत तो आला. "मजबूत! भक्कम, बळकट, दणकट, धष्टपुष्ट! ओळीने तस्सेच! आणि पुढचा शब्द आहे कणखर!"

"म्हणजे साहेब पूल बघतच नाहीत? खुर्चीत बसून नुसते शब्द बदलतात?" शंकासुराने विचारलं.

"आईला सांगितलं तर ती म्हणते, साहेबांनी तपासलाय. परवा पहिली तारीख आहे," तुरतुरी म्हणाली. "बघूच!"

पहिल्या तारखेला तिघं उजाडल्यापासून पुलापाशी ठाण मांडून बसली. तपासनीस सोडा, मांजरसुद्धा पूल बघायला आलं नाही. दुपारी चारला साहेबांच्या कार्यालयाचा शिपाई सायकलवर आला, चिठ्ठी चिकटवली आणि निघून गेला.

पूल कणखर आहे.

"मी म्हटलं नव्हतं?" ढब्बू म्हणाला आणि एकदम रडवेला झाला.

लगेच अर्ज लिहिला. वर ठसठशीत अक्षरांत 'महत्त्वाचे' असं लिहून तो कार्यालयाच्या खिडकीत दिला. कारकूनकाकांनी चष्म्यावरून पाहिलं आणि मागच्या ढिगाऱ्याकडे बोट केलं. अत्यंत महत्त्वाचे! तातडीचे! निकडीचे! अत्यावश्यक! सगळ्यांवर जाड धूळ होती.

"नुसतं 'महत्त्वाचे' असेल तर सगळ्यात खाली, बाळांनो."

"काका, माणसं मरतील हो!" तुरतुरीचा आवाज चिरकला.

"ते पण लिहिलंय एकावर." काका वाईट माणूस नव्हते, फार वर्षं त्या खिडकीत बसले होते इतकंच. "साहेब स्वतः उघडतात ती फक्त आमंत्रणं."

"काही उपयोग ना—" ढब्बू म्हणायला लागला आणि तिथेच थांबला. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सोनेरी कडेचं पाकीट गेलं. 'कणखर पुलाच्या तपासनीस साहेबांचा सत्कार! स्थळ : पुलाच्या मधोमध. वेळ : रविवारी सकाळी दहा.' एक प्रत मोठ्या अभियंता साहेबांनाही धाडली.

दोघेही आले! तपासनीस साहेबांनी बूट चमकवले होते. काठावर तुरतुरीने बोलावलेल्या कारखान्यातल्या चाळीस बायका उभ्या होत्या. तुरतुरीने पुलाच्या तोंडाशीच तपासनीस साहेबांना गुच्छ दिला आणि गुच्छाबरोबर तो गंजका नट.

"हे काय?"

"तुम्ही हात ठेवलाय ना, त्या खांबाचा आहे," तुरतुरी म्हणाली. "चला ना साहेब, मधोमध. या चाळीसजणी पण येतील तुमच्याबरोबर."

साहेबांनी चटका बसावा तसा हात काढला. त्यांनी एकदा फळ्यांकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे. "मी... मी इथेच बरा आहे."

"का हो? कणखर आहे ना?" शंकासुराने विचारलं.

कोणी हसलं नाही. मोठे साहेब गुडघ्यावर बसले, दोर पाहिला आणि उठताना त्यांचा चेहरा उतरला होता. तासाभरात पुलाच्या तोंडाशी साखळी लागली.

जिंकलो, असं वाटलं असेल तुम्हाला. त्यांनाही वाटलं, पण एकच दिवस. लांबच्या पुलावरून कारखाना अडीच तासांवर होता. आई पहाटे साडेपाचला निघायची आणि संध्याकाळी पाय ओढत यायची. "बरा चालला होता पूल! या कार्टीला नसत्या उचापती!" शेजारची काकी दारात उभं राहून बोलायची. तुरतुरीने घराबाहेर पडणंच सोडलं.

नवव्या दिवशी सकाळी पावणेआठला नदीकडून कडाडकन आवाज आला. दोर तुटला होता. पुलाचा मधला भाग फळ्यांसकट पाण्यात गेला होता.

पुलावर कोणी नव्हतं. चाळीसजणी तेव्हा लांबच्या रस्त्याने तुरतुरीच्या नावाने बोटं मोडत चालल्या होत्या.

मग काय, कौतुकाला ऊत आला! मोठ्या साहेबांनी पाठ थोपटली. "मोलाची कामगिरी! बहुमोल!" काकी डोळे पुसत म्हणाली, "लाखमोलाची गं पोर!" ढब्बूची 'महत्त्वाचा'ची यादी भाषणांतच भरली. तपासनीस साहेबांची बदली झाली, दुसऱ्या नदीवरच्या पुलावर. आणि नवा पूल कधी, असं शंकासुराने विचारलं तेव्हा मोठे साहेब म्हणाले, "हा प्रश्न अत्यंत महत्त्वाचा आहे." तिघांना तो धुळीचा ढिगारा आठवला.

त्या संध्याकाळी आई अंधार पडता पडता आली. तुरतुरीने गरम पाण्याची बादली तिच्यापुढे ठेवली. सुजलेले पाय आत सोडत आई म्हणाली, "ओझं वाटून घेऊ नकोस. मी रोज चालेन."

"किती वर्षं, आई?"

"माहीत नाही. पण मी चिवट आहे. आणि तू माझ्याहून चिवट निघालीस." तिने ओल्या हाताने लेकीचा कान ओढला.

तुरतुरीने वही काढली. पुलावरचे सगळे शब्द तिने केव्हाच खोडरबराने पुसून टाकले होते, पान कोरं होतं. तिने आईच्या पायांकडे पाहिलं आणि पहिला शब्द लिहिला : चिवट.