उघड्या डोळ्यांचा फोटो

दुपारी अडीच वाजता कमलेशच्या फोटो स्टुडिओतला संगणक पुन्हा निळा पडून बंद झाला. साकोलीहून दुरुस्तीला आलेला भुपेंद्र सानगडीच्या त्या दुकानात नुकताच टेकला होता.

काम नेहमीचंच होतं. केवळराम वारले होते आणि उद्या तेरवी. फोटो एकच, पुतणीच्या लग्नातला, त्यातही नेमके डोळे मिटलेले. अशा वेळी कमलेश घरातल्याच कुणाचे तरी डोळे काढून फोटोत बसवी. आज केवळरामांच्या धाकट्या भावाचे, धनीरामांचे डोळे कॅमेऱ्यात घेतले होते. धनीराम स्टुलावर बसून होते. शेजारी केवळरामांची बायको, चंद्रभागाबाई.

"बाकी सगळं चालते भाऊ," कमलेश म्हणाला. "डोळे बसवले का गेला!"

"मेमरी असंन."

भुपेंद्रनं संगणकाचा डबा उघडला. रॅमच्या दोन्ही पट्ट्या काढून खोडरबरानं घासल्या, एकेक लावून तपासल्या. दुसरीला स्क्रीन लाल चुकांनी भरली.

"हा पहा चोर."

"मले वाटलं, मशीनले काकाचे डोळेच पसंत नाही," कमलेश हसला.

"मोतीबिंदू तुह्या मशीनले झाला, मले नाही," धनीराम म्हणाले. मग डोळे चोळू लागले. "पण ते बंद पडते ना, तवा माह्या डोळ्यापुढं अंधारी येते."

"तुमी टक लावून पाहून राहिले, म्हणून," भुपेंद्र म्हणाला.

चंद्रभागाबाई पहिल्यांदाच बोलल्या. "राहू द्या ना भाऊजी. मिटलेलेच लावू."

"लोक काय म्हणतीन, वहिनी? लाव रे तू."

भुपेंद्रनं नवी पट्टी बसवली. कमलेशनं डोळे लावले. संगणक बंद पडला नाही. प्रिंटर कुरकुरला आणि गुळगुळीत कागदावरून केवळराम समोर पाहू लागले.

"लाइट गेली काय गा?" धनीरामांनी विचारलं.

पंखा फिरत होता. दारातून ऊन आत आलं होतं.

भुपेंद्रनं त्यांच्या तोंडासमोर हात हलवला. पापणी लवली नाही.

त्यानं फाइल पुसली. जुनी खराब पट्टी परत लावली. संगणक निळा पडून बंद झाला. धनीराम तसेच बसून होते.

भंडाऱ्याच्या डॉक्टरांना डोळ्यांत काहीच दोष सापडला नाही. तेरवी धनीरामांविना झाली; फोटो मात्र चंद्रभागाबाईंच्या घरी भिंतीवर लागला.

दुसऱ्या दिवशी भुपेंद्र भंडाऱ्याच्या दवाखान्यात धनीरामांच्या खाटेपाशी जाऊन बसला. त्याच्या मनानं एकच घेतलं होतं: तो फोटो गेला की यांची नजर परत येईल. व्हरांड्यात जाऊन त्यानं चंद्रभागाबाईंना फोन केला. "काकू, तो फोटो उतरवा. फाडून टाका." त्या हो म्हणाल्या, स्टूल घेते म्हणाल्या. फोन चालूच ठेवून तो आत आला.

धनीराम उठून बसले होते. कोऱ्या भिंतीकडे तोंड, नजर जराशी खाली.

"हळू वहिनी," ते म्हणाले. "स्टूल हालून राहिलं. पडसान."

फोनमधून चंद्रभागाबाईंचा श्वास ऐकू आला.

फोटो अजून भिंतीवर आहे.