पुर्गस्टालबाईंचं कार्ड

हॉटेल निवडणं हा माझा पोटापाण्याचा धंदा होता. एकतीस वर्षं मी एका वार्षिक पुस्तकासाठी हॉटेलं तपासली. पुस्तकाचा नेम असा, की प्रत्येक शहराच्या जुन्या भागातलं एकच उंची हॉटेल 'पहिली निवड' म्हणून छापायचं. लोक एका लग्नाच्या वाढदिवसासाठी वर्षभर काटकसर करतात, त्यांना 'हेही बरं, तेही बरं' सांगून चालत नाही, असं आमचे संपादक क्राटोखव्हिल म्हणत. त्यांच्या ज्या थोड्या मतांशी मी सहमत होते, त्यांतलं हे एक.

त्या डिसेंबरात व्हिएन्नाचं पान रिकामं होतं. दोन नावं उरली होती. एक रिंग रस्त्यावरचं नवंकोरं हॉटेल. त्याच्या पाटीवर 'राजवाडा' असं लिहिलेलं, आणि न्हाणीघरात गरम पाणी यायला मी घड्याळ लावून चार मिनिटं मोजली. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. दुसरं होतं आमेलिंग, जुन्या गावात एका अरुंद गल्लीच्या वळणावर, चार मजली, बाहेरून अगदी साधं. चौदा तारखेला दुपारी बारापर्यंत मला एक नाव कळवायचं होतं आणि पंधराला मी निवृत्त होणार होते. हे माझं शेवटचं पान. ते खरं असावं, एवढीच माझी इच्छा होती.

तपासनिसाला कोणी ओळखता कामा नये, म्हणून आम्ही खोट्या नावानं उतरतो. माझी पद्धत सोपी होती. आमच्याकडे भिंतीवरच्या दिनदर्शिकेत रोज एका संताचं नाव छापलेलं असतं. ज्या दिवशी उतरायचं त्या दिवसाचं नाव घ्यायचं, आणि आडनाव एखाद्या रेल्वे स्टेशनच्या पाटीवरून. तेरा डिसेंबर ओटिलिएचा. पुर्गस्टाल हे स्टेशन मला नऊ दिवसांपूर्वी गाडीच्या खिडकीतून दिसलं होतं. झाल्या ओटिलिए पुर्गस्टाल. एकही नाव मी दोनदा वापरलं नाही आणि एकाही हॉटेलात कोणी मला ओळखलं नाही. या गोष्टीचा मला फार अभिमान होता. पण निवृत्ती जवळ आली तशी तिचीच भीती वाटू लागली होती. शेकडो खोल्यांत झोपले, आणि गेरलिंडे लेनर नावाची बाई कुठल्याच दारवानाला ठाऊक नाही. घरीही वाट बघणारं कोणी नव्हतं. मूल नको असं मी कधी ठरवलं नव्हतं. दरवर्षी पुढच्या वर्षावर ढकलत गेले आणि एक दिवस पुढची वर्षं संपली.

दुपारी दोनला मी आमेलिंगच्या दारात शिरले. चौकातल्या भाजलेल्या चेस्टनटचा धूर माझ्या कोटाबरोबर आत आला. आत लाकडाला लावलेल्या मेणाचा वास होता. स्वागताच्या टेबलामागे सत्तरीचा एक माणूस उभा होता, कॉलरवर मुख्य दारवानाची खूण म्हणून दोन सोनेरी किल्ल्या, छातीवर नाव: वाव्रा.

"या, या डॉक्टरीणबाई! वाट बघून बघून डोळे शिणले आमचे. गाडीत गारठलात ना?"

मी मनातल्या मनात एक गुण कापला. व्हिएन्नात नुसता चष्मा लावला तरी माणूस प्राध्यापक होतो, तेव्हा पदवीचं मला नवल वाटलं नाही. पण जुनी ओळख असल्याचा आव आणणं ही स्वस्त युक्ती आहे.

"काहीतरी गल्लत होतेय," मी म्हटलं. "मी इथे पहिल्यांदाच येतेय."

"दरवर्षी हेच म्हणता," वाव्रा हसून म्हणाला, आणि मला नोंदणीचा कागद भरायला न देता त्यानं किल्ली पुढे केली.

खोली दुसऱ्या मजल्यावर होती. पाणी अकरा सेकंदांत गरम आलं. पडदे जाड, चादरी ताणलेल्या, खिडकीच्या फटीतून वारा नाही. टेबलाच्या संगमरवरावर ओल्या फुलदाणीचा गोल डाग होता. फुलं नुकतीच उचलून नेली होती. पलंगावर दोन्ही उशा टणक. मला मऊ लागतात. पाचच्या ठोक्याला न मागता लिंडनच्या फुलांचा चहा आला, जो मला औषधासारखा लागतो. मी वहीत लिहिलं: सवयी लक्षात ठेवतात, पण भलत्याच कोणाच्या. आणि मला हायसं वाटलं. या नावाची खरोखरीच कोणी बाई असणार, ती इथे येत असणार, आणि तिचं कार्ड माझ्या वाट्याला आलं असणार. मोठ्या हॉटेलांत प्रत्येक पाहुण्याच्या आवडीनिवडींचं कार्ड ठेवतात. नावात नाव मिसळणं काही अशक्य नाही.

सहाला खोली आवरणारी बाई आली. द्रागित्सा, पन्नाशीची, बोलणं मोजकं. तिनं रजईचा कोपरा दुमडला, सपाता पलंगाशी मांडल्या. मी खिडकीत पाठमोरी उभी होते. ती पलंगाला पूर्ण वळसा घालून माझ्या डाव्या बाजूला आली आणि मगच बोलली.

"फुलं हलवलीत मी. वास सहन होत नाही ना तुम्हाला."

"इकडून कशाला आलात? तिथूनच बोलायचं होतं."

"उजव्या कानानं ऐकू येत नाही ना तुम्हाला. मार्चपासून," द्रागित्सा म्हणाली.

उजव्या कानानं मला मार्चपासून कमी ऐकू येतं, हे खरं होतं. ते मी कोणालाही सांगितलं नव्हतं. डॉक्टरकडेही गेले नव्हते, कारण खोलीतली बारीक घरघर ज्याला ऐकू येत नाही, त्या तपासनिसाला दुसऱ्या दिवशी घरी बसवतात.

दाराशी जाऊन ती वळली. "उद्या साडेनऊला व्रेनीताई येणार ना न्याहारीला? खिडकीचं टेबल सांगून ठेवलंय."

"कोण व्रेनी?"

द्रागित्सा माझ्याकडे बघत राहिली, लहान मुलानं काही वेडंवाकडं बोलल्यावर बघतात तशी. "असं नका हो बोलू. एकच तर लेक आहे तुम्हाला," ती म्हणाली, आणि दार हलकेच ओढून गेली.

मी लगेच क्राटोखव्हिलना फोन लावला आणि या नावाची बाई देशात कुठे आहे का, ते शोधायला सांगितलं. अर्ध्या तासानं त्यांचा फोन आला.

"ओटिलिए पुर्गस्टाल? एकही नाही हो. त्या आडनावाचे आहेत ते सगळे मेलेले, नाहीतर पुरुष. का, काय झालं?"

"इथे सगळे मला ओळखतात."

"अरेरे! म्हणजे बिंग फुटलं? शेवटच्या आठवड्यात?" मग ते जरा गंभीर झाले. "लेनरबाई, तुम्हाला ओळखून खास वागवत असतील, तर आमेलिंग बाद. रिंगवालं छापायचं. नियम तुमचाच आहे, तुम्हीच केलाय."

नियम माझाच होता. पण आमेलिंग चांगलं होतं. मला झोपसुद्धा चांगली लागली, त्या टणक उशीवर.

सकाळी नऊला मी खाली जाऊन वाव्राला माझं कार्ड मागितलं. आपलं कार्ड बघण्याचा हक्क कायद्यानं पाहुण्याला असतो, आणि हवं तर ते नष्टही करायला सांगता येतं. हॉटेलं हे पाळतात की नाही, तेही मी तपासत असे.

वाव्रानं लाकडी खणातून ते काढून माझ्यासमोर ठेवलं. पिवळट जाड कागद, कोपरे मऊ पडलेले. तीस वर्षं कागद हाताळल्यावर खरा कोणता आणि नवा करून जुना दाखवलेला कोणता, ते बोटांना कळतं. हा खरा होता. नोंदी सहा-सात वेगवेगळ्या हातांच्या, आधी शाई, मग टंकलेखन, मग बॉलपेन. सर्वांत वर पाहुण्यानं स्वतः भरलेली ओळ होती. अक्षर माझं होतं. माझ्यासारखं नव्हे, माझंच.

मी नोंदी क्रमानं वाचल्या. १९८९, डॉ. व सौ. पुर्गस्टाल. १९९२, पाळणा हवा. १९९६, मुलीला दूध साय काढून. २००३, मुलीला कांजिण्या, जेवण खोलीत. २००९, डॉक्टर वारले, यापुढे एकटीसाठी खोली, फुलं नकोत. त्याखाली दरवर्षी एकच ओळ: चौदा तारखेला साडेनऊला मुलगी न्याहारीला येते, तिची खुर्ची आईच्या डावीकडे.

शेवटची ओळ ताजी होती: यंदा मार्चपासून उजव्या कानानं ऐकू येत नाही. मुलीनं फोनवर कळवलं, तिनं कळवल्याचं आईला सांगू नये.

आज मी हे सरळ लिहिते, कारण तेव्हा मी ते स्वतःशीही कबूल केलं नाही: मला भीती वाटत होती, आणि त्या भीतीच्या तळाशी आनंद होता. कोणीतरी माझ्या कानाची काळजी केली होती.

पण बारा वाजता नाव द्यायचं होतं. हे कार्ड असेपर्यंत या हॉटेलनं मला मिळणाऱ्या प्रत्येक गोष्टीत माप झुकवलेलं असणार. कार्डाविना ते अनोळखी बाईशी कसं वागतं, हे बघितल्याशिवाय निवड प्रामाणिक होत नव्हती. आणि एकतीस वर्षांत मी एकही पान खोटं लिहिलेलं नव्हतं.

"हे फाडा," मी म्हटलं.

वाव्रानं टेबलावरचं पेन उगाचच सरळ केलं. "नऊ वीस झालेत, डॉक्टरीणबाई. दहा मिनिटांत व्रेनीताई येतील. तेवढं थांबा की."

"कार्ड फाडलं म्हणून येणारं माणूस यायचं थांबतं का?"

"ते मला नाही सांगता यायचं. मी आजवर एकही फाडलेलं नाही."

मला थांबायचं होतं. दहा मिनिटं म्हणजे काय! पण ती दारातून आत आली आणि मला तिचा चेहरा दिसला, तर मग मी कार्ड कधीच फाडणार नाही, हे मला लख्ख कळत होतं. आणि ती माझी कोणी नसेल, तर माझ्या सहीनं तिचं काय बिघडणार? असेल, तर? तिथपर्यंत येऊन मी विचार सोडून दिला.

"कार्ड नष्ट करायचा फॉर्म द्या," मी म्हटलं.

"सही कार्डावरच्या नावानं करा," वाव्रा हळू आवाजात म्हणाला.

मी सही केली. हे नाव मी आयुष्यात पहिल्यांदा लिहीत होते, पण हात कुठेही अडखळला नाही. वाव्रानं कार्डाचे चार तुकडे केले आणि कचऱ्याच्या टोपलीत टाकले.

मग त्यानं मान वर केली. अदबीनं, कोरडेपणानं हसला.

"सुप्रभात, मॅडम. काय सेवा करू? आपला खोली क्रमांक सांगता का?"

ढोंग ओळखण्याचा मी पगार घेत होते. ते ढोंग नव्हतं.

बारा वाजता मी आमेलिंगचं नाव कळवलं. शंभरपैकी सत्त्याण्णव गुण. अनोळखी बाईशीही हे हॉटेल उत्तम वागतं, हे मी न्याहारीच्या वेळी स्वतः पाहिलं आणि तसं छापलंही. पान खरं आहे. पण त्या न्याहारीतली एक गोष्ट मी अहवालात लिहिली नाही.

भोजनगृहात पोचले तेव्हा नऊ पस्तीस झाले होते. खिडकीच्या टेबलापाशी एक वेटर ताटल्या उचलत होता. दोघांची मांडणी होती. डावीकडची खुर्ची मागे सरकलेली.

"इथे कोण बसलं होतं?" मी विचारलं.

"कोणीच नाही, मॅडम. हे टेबल सकाळपासून रिकामं आहे." त्यानं हातातल्या ताटल्यांकडे पाहिलं आणि जरा गोंधळला. "कोणीतरी चुकून मांडलेलं दिसतंय."

एका पेल्यातल्या कॉफीवरचा फेस अजून गोल फिरत होता.

एक गोल पाव मधोमध कापलेला होता. त्यातला अर्धा उजवीकडच्या ताटलीत होता, लोणी आणि जर्दाळूचा मुरंबा लावून, कडेपर्यंत नीट पसरून ठेवलेला. आपल्या माणसासाठी करून ठेवतात, तसा.

दुसरा अर्धा डावीकडच्या ताटलीत होता. त्याचा एक घास घेतलेला होता.

लोण्यात दातांचे ठसे स्वच्छ उमटले होते, आणि समोरच्या दोन दातांच्या मध्ये लोण्याची एक बारीक उभी रेघ शिल्लक राहिली होती. माझ्या समोरच्या दातांत तेवढीच फट आहे. आईच्याही होती.