मागापलीकडचं एंटर

रविवारी दुपारी धनश्री तांडापेठेत बाबांकडे आली ती त्यांची कॉम्प्युटरवरची स्क्रिप्ट सुधारून द्यायला. एकसष्टाव्या वर्षी नत्थूजींनी मोबाइलवरचे व्हिडिओ बघून पहिलावहिला प्रोग्राम लिहिला होता, आणि तो दाखवून दाखवून शेजाऱ्यांचा जीव नकोसा केला होता.

काम तसं लहानच. करवतीसारखे दात असलेल्या काठाची करवतकाठी साडी विणताना काठातल्या दर ओळीचे धागे कुणीतरी मोजून सांगायचे असतात. तीस वर्षं ते धनश्रीच्या आईनं, तुळजाबाईंनी सांगितले. मागाच्या पलीकडे पाटावर बसून, काठातला दात नीट बसला की नाही ते बघून, मगच पुढची ओळ. गेल्या वर्षी त्या गेल्या आणि लेकीच्या लग्नासाठी लावलेली साडी अर्ध्यावर थांबली. आता त्या पाटावर धनश्रीचा जुना लॅपटॉप होता. ओळी तोच बोलायचा.

स्क्रिप्ट उघडताच धनश्रीला हसू फुटलं. नक्षीच्या एका फेरीच्या शहाण्णव ओळी बाबांनी एकाखाली एक लिहून काढल्या होत्या.

"बाबा, हे पाच-सात ओळींत होते."

"मंग कर ना. पण मले समजलं पाहिजे."

मागाच्या पलीकडे उभी राहून ती लाडानं एकेक गोष्ट समजावत गेली. मग तिचं बोट एका जागी थांबलं. प्रत्येक ओळीनंतर स्क्रिप्ट थांबत होती. एंटर दाबल्याशिवाय तिला पुढची ओळ बोलताच येत नव्हती. व्हिडिओतलं उदाहरण बाबांनी जसंच्या तसं उतरवलं होतं.

"बाबा... तुमचे दोन्ही हात मागावर. मग एंटर कोण दाबते?"

"सुरू मी करतो." नत्थूजींनी चष्मा वर केला. "मंग मधात काही दाबा लागते का? मी तर रोज विणून राहिलो. आता शेवटची फेरी राहिली फक्त."

खिडकीतला कूलर घरघरत होता. ओल्या वाळ्याचा वास खोलीभर होता, तरी धनश्रीच्या पाठीला घाम आला. तिनं ते थांबणं काढून टाकलं आणि दर दोन ओळींमध्ये दहा सेकंद ठेवले.

तिसऱ्याच ओळीला नत्थूजींनी धोटा खाली ठेवला.

"काहून घाई करून राहिलं हे? दात पक्का बसू देत नाही. आधीसारखं कर वं."

तिनं आधीसारखं केलं. नत्थूजी हलक्या आवाजात म्हणाले, "आता तू तिथून सरक जराशी."

ती सरकली. भिंतीला टेकून, हात मांडीवर घेऊन बसली. "उजवी तीन, डावी दोन," लॅपटॉप म्हणाला. धोटा गेला, फणी आपटली. बाबा वाट बघत राहिले, घाई नसलेल्या माणसासारखे. मग पाटावर एंटरची कळ आपोआप खाली गेली.

टक.

धनश्रीला पळून जावंसं वाटलं. पण बाबांच्या चेहऱ्यावर वर्षभरात न दिसलेलं समाधान होतं, आणि ते सोडून तिला उठवेना. ती बसून राहिली.

शहाण्णवावी ओळ संपली. प्रोग्राम बंद झाला. नत्थूजींनी काठावरून हात फिरवला आणि डोळे पुसले.

टक.

रिकाम्या पडद्यावर कर्सर एक ओळ खाली गेला. टक. पुन्हा एक.

"बाबा..." धनश्री कुजबुजली. "झाली म्हणून सांगा ना तिले."

"माह्याच्यानं नाही होत." नत्थूजी काठावरच हात ठेवून म्हणाले. "तू सांग. तुह्यासाठीच बसली होती ते."

धनश्री पाटाशी गेली. आई, झाली वं साडी, एवढंच म्हणायचं होतं. म्हटलं की ती जाईल, हे तिला पक्कं कळत होतं. भीती होतीच, पण आईची ओढ त्या भीतीहून मोठी निघाली. ओठांवरचं वाक्य तिनं गिळलं आणि स्क्रिप्टचं नाव पुन्हा टाइप केलं.

बोट एंटरपर्यंत पोचायच्या आत कळ दबली.

"पहिली ओळ," लॅपटॉप म्हणाला.