वक्ते हवेत

“वक्ते हवेत... म्हणजे तरंगतायत का?”

मागून आवाज आला आणि माझ्या हातातली टाचणी पडली. वाचनालयाच्या फलकावर मी कागद लावत होते – ‘सॉफ्टवेअरवाल्यांचं संमेलन. डेटाबेसवर बोलणारे वक्ते हवेत.’ वळून पाहिलं, तर बाह्या दुमडलेला एक चष्मेवाला टाचणी उचलून माझ्यापुढे धरत होता. डोळ्यांत खट्याळ हसू.

“तरंगत असते तर जाळं टाकून पकडले असते,” मी म्हटलं. “नवनवी ॲप दाखवायला रांग लागलीये. माहिती सांभाळायची कशी, यावर बोलायला काळं कुत्रं फिरकत नाही!”

“इथला डेटाबेस मीच सांभाळतो.”

“मग तुम्हीच बोला की!”

त्याचं हसू मावळलं. “ते सोडून काहीही सांगा.”

मी कसली सोडतेय! रोज ऑफिस सुटलं की मी वाचनालयात हजर. तो नकार द्यायचा, मी कॉफी पाजायचे. आई म्हणालीच, “वक्ता शोधतेयस की नवरा?”

“आई, काहीतरीच!” पण कान तापले होते...

पाचव्या दिवशी कपाकडे बघत तो म्हणाला, “आधी मी रक्तपेढीत होतो. एका दुपारी कॉम्प्युटरला चुकीची आज्ञा दिली – नऊ हजार रक्तदात्यांची यादी पुसली गेली. बॅकअप रोज निघायचा. तो परत उघडतो का, हे मी कधी तपासलंच नव्हतं. उघडलाच नाही. त्याच दिवशी एका बाईंना दुर्मिळ गटाचं रक्त हवं होतं. त्यांची बहीण दिसेल त्याला विचारत फिरत होती...”

“वाचल्या?”

“वाचल्या. माझ्यामुळे नाही.”

‘हेच सांगा ना सगळ्यांना!’ अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. त्याने हे संमेलनवालीला सांगितलं नव्हतं – मला सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी कॉलेजातले एक प्राध्यापक बोलायला तयार झाले. तरी संध्याकाळी पाय वाचनालयाकडेच वळले.

“वक्ता मिळाला,” मी म्हटलं. “आता तुमच्या मागे लागणार नाही.”

“मग आज कशाला आलात?”

“सवय... नाही, सवय नाही. तुम्हाला भेटायला.”

त्याने समोरचा कॉम्प्युटर बंद केला. मग हळूच म्हणाला, “प्राध्यापकांच्या आधी वीस मिनिटं मिळतील?”

“माझ्यासाठी नका हं बोलू.”

“त्या बाईंसाठी बोलतो. तुम्ही फक्त पहिल्या रांगेत बसा.”

संमेलनात तो बोलला. दोनदा आवाज कापला, पण काही लपवलं नाही. शेवटी टाळ्या पडल्या नाहीत. मग एक पिकल्या केसांच्या बाई उठल्या. “माझ्या हातूनही हेच झालंय. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.” कुणीतरी लॅपटॉप उघडला आणि तिथेच आपला बॅकअप तपासायला लागला. मग शेजारचा. मग अख्खी रांग.

तो खाली उतरून थेट माझ्याकडे आला.

“माझा हात बघ... किती गार पडलाय,” म्हणाला आणि दचकला. “म्हणजे... बघा. चुकून—”

मी तो हात माझ्या दोन्ही हातांत घेतला.

“राहू दे. ही चूक नको दुरुस्त करूस.”