एका कान्याचं अंतर

"वाक!"

प्रेमकथेची सुरुवात जरा बऱ्या शब्दाने व्हायला हवी, हे मान्य. पण तिच्या वाट्याला हाच आला, आणि तोही ओरडून. ती वाकली. हॉकीचा पांढरा बॉल तिच्या डोक्यावरून सणसणत गेला, मागच्या खुर्चीवर आदळला आणि हातातला चहा निम्मा तिच्या मांडीवर सांडला.

गोलच्या मागची ती गॅलरी अख्खी रिकामी होती. खाली मैदानावर क्लबचा सराव चालला होता आणि भुरभुर पाऊस पडत होता. गोलमधून एक अवाढव्य आकृती धडपडत कठड्याजवळ आली. पायांना उशांएवढी पॅड, तोंडावर जाळीचं हेल्मेट. माणूस म्हणून त्यातले फक्त डोळे दिसत होते, आणि ते घाबरलेले होते.

"लागलं नाही ना?"

"नाही. पण तुम्ही मला 'वाक' म्हणालात."

"बॉल येत होता..."

"'वाका' म्हणायचं असतं. आपली ओळखसुद्धा नाही."

डोळ्यांतली भीती गेली आणि तिथे काहीतरी वेगळंच आलं. "तो काना लावेपर्यंत बॉल तुमच्या कपाळावर बसला असता."

"म्हणजे माझा एक काना तुमच्याकडे राहिला."

"राहिला खरा. देईन कधीतरी." तो दोन पावलं गेला आणि परत वळला. "बॉल मात्र तुमच्याकडे राहिलाय."

कानामात्रेच्या बाबतीत ती अशी काटेकोर होती, कारण तिचं पोटच त्यावर चालत होतं. क्लबने तिला जाहिरातीसाठी नुकतंच नेमलं होतं. ती 'जाहिरातबाई' आणि तो 'गोली', या पलीकडे क्लबात कोणी कोणाला नावं विचारत नसे. क्लब गुणतक्त्याच्या तळाशी ठाण मांडून बसला होता. या मोसमात गॅलऱ्या भरल्या नाहीत तर गाशा गुंडाळायचा, असं मालकांनी स्पष्ट सांगितलं होतं. मॅनेजरसाहेबांच्या आग्रहाखातर तिने शहरभर फलक लावले होते, 'विजयाचे साक्षीदार व्हा'. त्याच आठवड्यात संघाने पाच गोल खाल्ले. सकाळी एका फलकावर कोणीतरी रंगाने लिहून ठेवलं, 'कोणाच्या?'

म्हणून ती त्या गॅलरीत येऊन बसली होती. इथली तिकिटं कोणी फुकटसुद्धा का घेत नाही, ते तिला स्वतः बघायचं होतं. कारण लगेच कळलं. इथून सगळा खेळ उलटा आणि लांब दिसायचा, आणि जवळ आलाच तर गोलीची रुंद पाठ आडवी यायची. दिसत काहीच नव्हतं. पण ऐकू येत होतं.

"डावीकडे सर... आणखी. सोड त्याला, तू पुढे जा. मी आहे मागे."

गोली अखंड बोलत असायचा. पुढची पोरं चुकली की मान वळवून त्याच्याकडे बघायची आणि तो म्हणायचा, "असू दे रे. मी आहे मागे." ज्याच्या जाळ्यात पाच गोल गेलेत, तो माणूस हे इतक्या खात्रीने म्हणतो कसा? तिला हसू आलं आणि मग का कोण जाणे, विरून गेलं. तिला असं कोणी कधी म्हटलं नव्हतं.

सराव संपल्यावर तो कट्ट्यावर बसून पॅडचे पट्टे सोडत होता. ती समोर जाऊन उभी राहिली.

"तुम्ही सगळ्यांच्या मागे. तुमच्या मागे कोण?"

"जाळी."

"आणि जाळीच्या मागे?"

"रिकाम्या खुर्च्या," तो म्हणाला. मग खाली बघून पट्टा ओढत, "आणि आज... तुम्ही."

घरी जाताना ती चुकीच्या बसमध्ये चढली. पण जाहिरात तिला त्याच बसमध्ये सुचली.

नव्या फलकावर पाठमोरा गोली होता. चेहरा नाही, चषक नाही. खाली एवढंच: 'हा सगळ्यांच्या मागे उभा आहे. याच्या मागे कोण?' आणि त्या रिकाम्या गॅलरीला तिने नाव दिलं, पाठराखण.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "चेहरा नाही, विजय नाही. बाई, तुम्ही विकताय काय?"

"साहेब, आपल्याकडे जे नाही ते विकून झालं. आता जे आहे ते विकून बघू."

तिने गोलीच्या कॉलरला छोटा माइक लावला आणि सामन्याआधी त्याचा आवाज भोंग्यावर सोडला. "पुढे जा. मी आहे मागे." आणि लोक यायला लागले. आले तेही कोण, तर आयुष्यभर मागच्या खोलीत काम केलेले. हॉटेलात भांडी घासणारे, नाटकाचा पडदा ओढणारा एक म्हातारा, रात्रपाळीच्या नर्सा. गोल खाल्ला की गॅलरी उठून ओरडायची, "आम्ही आहोत मागे!" संघ हरतच होता, पण आता थोडक्यात हरत होता. मग बरोबरी व्हायला लागली. मग एका रविवारी जिंकले, आणि तिकीट खिडकीवरच्या मावशींनी खिडकी उघडी टाकून नाच केला.

या सगळ्यात ती रोज सरावाला जायची. कामच होतं तिचं. टर्फवर पाण्याचे फवारे सुरू व्हायचे, वाऱ्याने त्यांचा तुषार तिच्या कागदांवर यायचा, शाई पसरायची, आणि ती तरी तिथेच बसायची.

"जाहिरातबाई, गोलीची पाठराखीण झालात की," मावशी म्हणाल्या.

"मावशी, काम आहे ते माझं."

"कामाला कोणी एवढं काजळ घालून जात नाही."

गोलीला एक सवय होती. सामना सुरू होण्यापूर्वी तो स्टिकने दोन्ही खांबांवर एकेक ठोका द्यायचा. हल्ली तो वरच्या आडव्या दांडीवरही एक ठोका द्यायला लागला होता, मागे न बघता.

"तो तिसरा कशासाठी?" तिने एकदा विचारलं.

"मागच्यांसाठी."

"मागे पुष्कळ लोक असतात."

"हो ना. तेवढ्यांत कोणाला पोचतो, कोणास ठाऊक." तो हेल्मेट पुसत राहिला. पुसण्यासारखं त्यावर काही उरलं नव्हतं. "तुम्हाला... ऐकू येतो?"

"येतो."

एवढंच. तो 'तुम्ही' म्हणायचा, ती 'तुम्ही' म्हणायची. दोघांमध्ये उरलं होतं ते एका कान्याचं अंतर, आणि ते आधी कोणी ओलांडायचं यावर दोघंही अडून बसली होती. आज म्हणेल, आज नक्की म्हणेल, असं मनाशी म्हणत ती रोज घरी यायची.

मोसम संपता संपता साहेबांनी तिला आत बोलावलं. चेहरा नुसता फुलला होता.

"आपल्या गोलीला मागणी आलीय."

"मागणी... मुलगी कोण आहे?"

"मुलगी?" साहेब बघतच राहिले. "क्लब आहे, बाई. देशातला सगळ्यात मोठा. जे देतायत त्यात आपलं पुढचं वर्ष निघेल. आणि हे सगळं तुमच्या फलकामुळे. आधी त्याला कुत्रंसुद्धा विचारत नव्हतं."

मुलगी नाही, म्हणून तिला क्षणभर हायसं वाटलं. मग सगळं उमगलं. ज्याला कोणी बघत नव्हतं त्याच्याकडे बोट दाखवून तिनेच गावाला सांगितलं होतं, बघा याच्याकडे. गावाने बघितलं. आता गाव त्याला घेऊन चाललं होतं.

तो कपडे बदलायच्या खोलीत पॅड पिशवीत भरत होता. दारात तिची चाहूल लागली तसा तो उठून उभा राहिला.

"कळलं असेल तुम्हाला."

"कळलं."

"जाऊ का?"

हे त्याने असं विचारलं की त्याला खरंच उत्तर हवं होतं. बाहेर फवारे चालू होते. तिच्या जिभेवर एकच शब्द होता, थांब. पण थांब म्हणायचं कोणत्या नात्याने? पुढे त्याचं आयुष्य होतं. मागे हा क्लब होता, आणि त्याच्या जाण्यावरच क्लबचं पुढचं वर्ष उभं राहणार होतं.

"जा," ती म्हणाली.

'जा' हा शब्द मोठा लबाड आहे. 'तू'लाही तोच, 'तुम्हा'लाही तोच. काना त्यात आधीपासूनच असतो. ती त्याला काय म्हणाली ते त्याला कळलं नाही. त्याने पिशवीची चेन ओढली.

"अहो, पाठराखीण नव्या घरी सोबत जाते," मावशी नंतर म्हणाल्या. "अशी खिडकीशी रडत बसत नाही."

"मी रडत नाहीये."

"बरं. मग माझा रुमाल परत द्या."

पुढचं वर्ष गेलं. वर्षं जातातच. नवा गोली आला, गुणी पोरगा होता. भोंग्यावर आता त्याचा आवाज लागायचा, शब्द तेच, "मी आहे मागे." लोक टाळ्या वाजवायचे. ती पाठराखणीत आपल्या जागेवर बसायची आणि सामन्याआधी कान देऊन ऐकायची. खांबांवर ठोके द्यायची सवयही नव्या पोराने उचलली होती. एक ठोका. दुसरा ठोका. मग शिट्टी वाजायची आणि खेळ सुरू व्हायचा. त्या दोन ठोक्यांनंतरच्या शांततेत तिला त्याची इतकी आठवण यायची की बॉल कुठे आहे हेही समजायचं नाही.

एका पावसाळी संध्याकाळी त्याचा निरोप आला. 'इथे गोलच्या मागे माणसं नसतात. मोठा पडदा आहे. त्यावर माझाच चेहरा दिसतो.'

तिने पुष्कळ लिहिलं. पुसलं. पुन्हा लिहिलं. शेवटी पाठवलं ते एवढंच, 'सवय होईल.' पाठवल्या पाठवल्या तिला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. जाहिरातीत दोन ओळींत गाव हलवणारी बाई, आणि स्वतःचं सांगायची वेळ आली तर 'सवय होईल'! त्यावर त्याचं उत्तर आलं नाही.

आणि मग सामन्यांचं वेळापत्रक आलं. शेवटचा घरचा सामना त्याच्या क्लबाशी.

गॅलऱ्या खच्चून भरल्या. पूर्वार्धात तो पलीकडच्या गोलमध्ये होता, ठिपक्याएवढा. मध्यंतरानंतर बाजू बदलल्या आणि तो मैदान ओलांडून चालत थेट पाठराखणीसमोर आला. अंगावर परका रंग, पाठ मात्र तीच.

सगळी गॅलरी गप्प झाली. समोरच्या संघाचा गोली म्हणजे हुर्यो करायची, हे ठरलेलं. पण याची हुर्यो कशी करायची? त्याने डाव्या खांबावर ठोका दिला. उजव्या खांबावर दिला. आणि स्टिक खाली घेतली.

तिसरा आला नाही.

ती उभी राहिली. साहेब वरून बघत होते, आपला संघ एका गोलने मागे होता आणि ती पगार घेत होती तो याच संघाचा. हे सगळं तिला दिसत होतं, तरी तिच्या तोंडून निघालंच.

"मी आहे मागे."

आवाज फुटला, चिरकला. दोन-चार जण हसले. भुरभुर पाऊस पडायला लागला होता. तो हलला नाही. मग त्याची स्टिक हळूच वर गेली आणि आडव्या दांडीवर वाजली. एकदा.

त्यानंतर त्याने एकही बॉल आत जाऊ दिला नाही. शेवटचा पेनल्टी कॉर्नर त्याने अंग झोकून अडवला आणि पाठराखण आपल्याच हरण्यावर उभी राहून टाळ्या वाजवायला लागली. खाली उतरताना साहेब तिला भेटले.

"बाई, आज तुमच्या जाहिरातीने आपल्यालाच हरवलं."

"हो साहेब."

"पुढच्या वर्षीची तिकिटं मात्र आताच मागतायत लोक," ते म्हणाले आणि सुस्कारा टाकून निघून गेले.

ती पायऱ्या उतरत होती. गॅलरी रिकामी होत आली होती.

"थांब!"

ती थांबली. तो कठड्याशी उभा होता. या वेळी हेल्मेट काखेत होतं, केस चिंब होते आणि चेहऱ्यावर जाळीचा वळ उमटला होता.

"थांबा म्हणायचं असतं," ती म्हणाली.

"बाहेर आमची बस उभी आहे. कान्याला वेळ नाही."

"मग जे काय आहे ते पटकन म्हण."

म्हण. दोघांनाही ऐकू गेलं. ती लाल झाली आणि तो हसला, अगदी डोळ्यांपर्यंत.

"फिटला माझा काना," तो म्हणाला. मग हसू ओसरलं. "त्या दिवशी तू 'जा' म्हणालीस. मला वाटलं होतं, थांब म्हणशील."

"मलाही वाटलं होतं."

"सवय नाही झाली मला. त्या पडद्याची. तुझ्याशिवाय मागे नुसतं... ओसाड वाटतं."

तिने कठड्यावर हात ठेवला. त्याने आपला हातमोजा काढला आणि ओला, गार हात त्यावर ठेवला. ती म्हणाली, "ही गॅलरी सोडून मला येता नाही यायचं. मी मांडलीय ती."

"सोडू नकोस. मीच येत जाईन. सुट्टी असेल तेव्हा, नसेल तेव्हा." तो घुटमळला. "येऊ?"

बाहेर बसचा हॉर्न वाजला नव्हता. ड्रायव्हर अजून मावशींच्या खिडकीशी चहा पीत होता. 'या' म्हणायला वेळच वेळ होता.

"ये," ती म्हणाली.