कपाट बंद झाल्यावर

तिने एडिटिंगच्या खोलीचं दार लाथेने उघडलं, कारण दोन्ही हातांत मामांचा सूट होता. आत बसलेल्या मुलाला हे कारण ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. तो खुर्चीतून अर्धा उठला.

"कात्री तूच का?"

"लोक म्हणतात तसं."

"माझ्या विनोदाचा खून केलास तू!"

पहिल्या भेटीत माणसं साधारणपणे नाव विचारतात. हिने कलम लावलं.

गुन्हा असा. फिल्मच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनी स्पर्धेसाठी एका मिनिटाचा, एकही शब्द नसलेला विनोद चित्रित करायचा होता. तिच्या फिल्ममध्ये सुटातले एक गृहस्थ लिफ्टच्या दारासमोर घड्याळ बघत उभे असतात. कॅमेरा हळूहळू मागे येतो... लिफ्ट कसली, लोखंडी कपाट! गृहस्थ आत जातात, दार लावून घेतात. नुसतं बंद कपाट. दोन सेकंद. मग दार उघडून ते बाहेर डोकावतात, खोली न्याहाळतात आणि मजला चुकल्यासारखे पुन्हा आत जातात.

तिचा नेहमीचा एडिटर तापाने झोपला, म्हणून फिल्म कात्रीकडे आली. त्याने नेमके ते दोन सेकंद उडवले.

"तिथे काहीच घडत नव्हतं," तो म्हणाला.

"कपाट वर जात होतं!"

"जागचं हललं नाही. मी तीनदा बघितलं."

"नुसत्या डोळ्यांनी बघितलंस ना, म्हणून!" तिने सूट टेबलावर आपटला. "माझे मामा सात वेळा त्या कपाटात गेलेत. मामी अजून विचारते, नक्की होतात कुठे? आणि चार वाजता बाई बघणार. वर्ग हसला नाही, तर माझी फिल्म स्पर्धेतून बाद!"

तो माऊसशी चाळा करत राहिला. "रिकामं काही दिसलं की लोक मोबाइल काढतात. मला ना... थांबायची भीती वाटते."

"मग घाबर! पण कापू नकोस."

दोन सेकंद परत जोडले गेले. फिल्म सुरू झाली. कपाट बंद झालं. त्याचा हात सवयीने कीबोर्डकडे गेला — आणि तिने त्याचं मनगट धरलं.

एक... दीड... आणि कात्री फसकन हसला.

मनगट सोडायचं ती विसरली. आठवलं, तेव्हा तिला त्या विसरण्याचाही राग आला.

चार वाजता वर्ग हसला. बरोबर दीड सेकंदाला. बाईंनी चष्मा काढून डोळे पुसले आणि फिल्म स्पर्धेला गेली. तिचा राग मात्र खाली उतरेना. त्याला बहुधा लिफ्ट मिळत नव्हती.

जिन्यात तो मागून आला.

"मामांचा कोट राहिला होता. आणि मला तू आवडतेस. बरं, येतो." बोलता बोलता कोट तिच्या हातात कोंबून तो चार पायऱ्या उतरलासुद्धा.

"ए कात्री!" जिना दणाणला. "एवढं मोठं बोलायचं आणि लगेच कट? समोरच्याला दोन सेकंद देशील की नाही?"

तो वळला. कठडा धरून उभा राहिला. बोलला नाही, हलला नाही. चेहरा कपाटासारखा बंद. कान तेवढे लाल.

एक...

तिने ओठ घट्ट मिटले. कोटाची बाही मुठीत चुरगळली. हसायचं नाही म्हणजे नाही, असं तिने पक्कं ठरवलं होतं.

ते दीड सेकंद टिकलं.

"मलाही तू," ती ओरडली. "गाढवा!"