डब्याच्या तळाचा क्रिकेटपटू

“पासपोर्ट चोरीला गेलेत,” बाबा म्हणाले, “आणि कोणी नेलेत तेही मला ठाऊक आहे.”

दहा वाजले होते. बस अकराची, आणि पासपोर्ट दाखवल्याशिवाय बसमध्ये चढू देत नव्हते. बस चुकली की हॉलंडचं घर राहिलं बाजूला, आधी पोलीस चौकी. आई रडायचीच बाकी होती.

तेल्च नावाच्या त्या चिमुकल्या, जुन्या चेक गावात उत्तरा, तिचा धाकटा भाऊ ईशान आणि शेजारचा रुचिर आले होते ते हॉलंडमधल्या कापेल आन डेन आयसेलहून, उत्तराच्या आईबाबांबरोबर. सगळं स्वस्तात. माळ्यावरची एकच खोली, पायी भटकंती आणि पोटाला पुण्याहून आलेला चिवडा. त्यात बाबांना चोरांची भारी धास्ती! पाचही पासपोर्ट ते रोज रात्री नव्या जागी लपवायचे आणि ती जागा कुणाला म्हणून सांगायचे नाहीत. काल गादीखाली ठेवले होते म्हणे. गादी तीनदा उलटी करून झाली होती.

तेवढ्यात रुचिर धापा टाकत आला. घरमालकीण कोलारोवाबाईंनी एक डबा पदार्थांच्या कपाटात ठेवला, इकडेतिकडे बघितलं, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात घातली. त्याने दाराआडून स्वतः पाहिलं होतं.

“बघितलंत?” बाबा म्हणाले. “पहिल्या दिवशी नोंदीसाठी म्हणून पासपोर्ट मागितले, तेव्हाच मी ओळखलं होतं. चोरटी बाई!”

उत्तराला ते मुळीच आवडलं नाही. बाईंनी आल्या आल्या डबा भरून जामचे गोड पाव दिले होते. पण कुलूप? त्याचं काय करायचं? तिने रुचिरला विचारलं, डबा कसला होता. निळा, तो म्हणाला.

निळा डबा तर पावांचाच! सकाळी आपणच तो परत केला, आई म्हणाली. रिकामा कसा द्यायचा, म्हणून चिवडा भरून दिला. घाईत होते, पण तळाशी कागद आधीच घातलेला होता, तेवढंच काम वाचलं.

“त्यावर बॅटवाला होता,” ईशान म्हणाला. “मी बघितला.”

चेक पेपरात क्रिकेट? उत्तरा ताडकन उठली. तो कागद चिवड्याच्या पुड्याचा, पुण्याचा होता. म्हणजे तो डब्यात घालणारं आपल्यापैकीच कोणीतरी!

“बाबा, आपल्या घरी कपाटाची किल्ली कुठे असते?”

“तांदळाच्या डब्यात, कागदाखा...” बाबा तिथेच थांबले. “गादी परवाची! काल रात्री मी ते रिकाम्या निळ्या डब्यात ठेवून वर कागद घातला.”

तिघं धडाधड जिना उतरली. उत्तराने शाळेतलं मोडकंतोडकं जर्मन पाजळलं. बाईंना ते समजलं. त्यांनी कुलूप काढलं, डबा ताटात उपडा केला. चिवडा, मग बॅटवाला, मग पाच पासपोर्ट, हळदीने पिवळे झालेले! बाईंच्या नवऱ्याने एका दमात चिवडा संपवू नये, म्हणून ते कुलूप होतं.

आईने उत्तराला घट्ट जवळ घेतलं. बाबा दारात उभे होते.

“तुम्ही काय म्हणालात ते मी त्यांना सांगितलं नाही,” उत्तरा हळूच म्हणाली.

बाबांचा चेहरा पार उतरला. ते पुढे झाले, बाईंसमोर हात जोडले आणि स्वतःच सगळं इंग्रजीत कबूल केलं. बाईंना किती कळलं कुणास ठाऊक. त्या हसल्या आणि धुतलेल्या डब्यात पुन्हा पाव भरू लागल्या.

बाबांनी पाचही पासपोर्ट उत्तराच्या हातात दिले.

“तिघांनी मिळून माझी लाज राखलीत,” ते म्हणाले. “आता हे तू सांभाळ. आणि कुठे ठेवलेस ते सगळ्यांना सांग.”